सातचा भोंगा आपल्याकडे वाजवता येईल का?

ओसरी (४ नोव्हेंबर)

भाऊबीजेला सोलापूरहून माझी मावशी आली होती. संध्याकाळी फराळाच्या बशा आवरून आम्ही सातजण बैठकीच्या खोलीत बसलो होतो आणि मावशी काकांच्या आजारपणाचे सांगत होती. रात्री दोन वाजता त्यांना धाप लागली, रिक्षा मिळेना, तेव्हा शेजारचा मुलगा भाजीचा टेम्पो घेऊन आला, इथपर्यंत ती आली आणि थांबली. ती थांबली हे आमच्यापैकी एकालाही कळले नाही. मला कळले तेव्हा ती स्वयंपाकघरात जाऊन ओटा पुसत होती. मी मागोमाग जाऊन विचारले, "मग टेम्पोतून कुठे नेलंत?" ती म्हणाली, "राहू दे गं, सांगेन नंतर." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती गेली.

मावशी बोलत होती तेव्हा मी काय पाहत होते, हे मला नीट आठवते. कोणी एक अनोळखी बाई तिच्या कपाटातले डबे एकसारखे लावून दाखवत होती. ते मला पाहायचे होते असेही नाही, पण माझा अंगठा आपोआप सरकत होता. माझे वय सत्तेचाळीस आहे आणि मुलांना फोनच्या वापरावरून रोज बोल लावणारी घरातली व्यक्ती मीच आहे.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे सुमारे ३,००० वस्तीचे गाव आहे. तिथे २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ग्रामसभेत ठराव झाला आणि रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. मुले अभ्यासाला बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात, आणि साडेआठला पुन्हा भोंगा झाला की बंदी उठते. तेव्हा ही बातमी वाचून मी कौतुक केले होते आणि विसरूनही गेले होते. आता मला खरोखर विचारायचे आहे की असा भोंगा शहरातल्या सोसायटीत किंवा निदान एका घरात वाजवता येईल का? कोणी करून पाहिले असेल तर जमले ते आणि फसले ते, दोन्ही सांगावे.

शाळामास्तर (४ नोव्हेंबर)

ओसरीताई, मी त्याच भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, म्हणून वडगावाबद्दल थोडी भर घालतो. ही गोष्ट सुरू झाली ती करोनाच्या शाळाबंदीनंतर. दोन वर्षे आम्ही शिक्षकांनीच पालकांना सांगितले होते की मुलांना फोन घेऊन द्या, तास फोनवर होणार आहेत. ज्या घरात एकच साधा फोन होता त्यांनी शेळी विकून, उसनवारी करून मोठ्या पडद्याचा फोन घेतला. शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातातून तो फोन परत घ्यायचा कसा, हे कोणालाच माहीत नव्हते. वडगावात सरपंच विजय मोहिते यांनी विषय लावून धरला. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, म्हणून तिथे तो ठराव कागदावर राहिला नाही.

आमच्या गावात आम्ही तेच पाहून सुरू केले आणि आमचे तीन आठवड्यांत मोडले. कारण सांगतो. आम्ही नियम केला तो मुलांसाठी. भोंगा झाला की मुले पुस्तक घेऊन बसत आणि बाप मंदिराच्या मागच्या भिंतीला टेकून क्रिकेट पाहत. चौथीतल्या एका मुलाने मला वर्गात विचारले, "गुर्जी, भोंगा फक्त आमच्यासाठीच हाय का?" त्याला मी काय उत्तर देणार होतो? पुढच्या सोमवारी भोंगा बंद पडला आणि कोणीही तो का बंद पडला म्हणून चौकशी केली नाही.

पिंपळपान (४ नोव्हेंबर)

धागा मनापासून वाचत आहे. मावशींचे वाचून घरी आईला फोन केला.

मानसी_समुपदेशक (५ नोव्हेंबर)

मी समुपदेशनाचे काम करते. आरंभीच एक शब्द जपून वापरू या असे सुचवते, तो म्हणजे "व्यसन". जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू झाले, व्हिडिओ खेळांच्या (गेमिंगच्या) विकाराला स्थान मिळाले आहे. समाजमाध्यमांच्या अतिवापराला असे स्वतंत्र निदान त्यात नाही. तरीही खेळांच्या विकारासाठी जी लक्षणे सांगितली आहेत ती इथे विचारासाठी उपयोगी पडतात: स्वतःवरचा ताबा सुटणे, बाकीची कामे आणि आवडीनिवडी मागे पडणे, आणि नुकसान दिसत असूनही ती गोष्ट चालू राहणे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तर २०१४ सालीच तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला, म्हणजे प्रश्न आजचा नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण फोनची तक्रार घेऊन येतच नाहीत. ते झोप लागत नाही म्हणून येतात, अभ्यासात मन लागत नाही म्हणून येतात, नवरा-बायकोत बोलणे उरले नाही म्हणून येतात. दिवसाचा हिशोब मांडायला बसलो की फोन मागाहून समोर येतो. त्याच्याही मागे गेलो की बहुतेक वेळा एक रिकामी जागा सापडते, आणि ती फोन येण्याच्या आधीपासूनची असते. म्हणून ओसरीताईंना माझा प्रश्न असा आहे की भोंगा वाजल्यानंतरच्या दीड तासात त्या घरात नेमके काय होणार आहे, हे ठरले आहे का?

कळफलक (५ नोव्हेंबर)

मानसीताईंचे म्हणणे मान्य आहे, पण सगळा भार माणसाच्या मनावर टाकू नये असे मला वाटते, कारण पलीकडच्या बाजूला बसून मी हे काम केलेले आहे. कंपनीचे नाव लिहीत नाही. माझ्या चमूचे एकच मोजमाप होते: माणूस परत किती वेळा येतो आणि आला की किती वेळ थांबतो. सूचनेच्या घंटेचा रंग कोणता असावा, ती लगेच वाजावी की चार सूचना साठवून एकदम वाजावी, हे आम्ही लाखो लोकांवर दोन-दोन प्रकारे करून पाहत असू आणि ज्या प्रकारात लोक जास्त वेळ थांबत तो ठेवत असू.

पूर्वी पानाला शेवट असे. पान संपले की पुढच्या पानाची कळ दाबावी लागे आणि त्या क्षणभरात माणसाला "पुरे झाले" असे वाटायला वाव मिळे. अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने २००६ साली न संपणारे पान तयार केले आणि तो क्षणच नाहीसा झाला. पुढे त्याने स्वतः त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. फेसबुकने २००९ मध्ये लाइकचे बटन आणले. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये उघड सांगितले की माणसाच्या मनातली कच्ची जागा हेरूनच हे सगळे रचले होते. ओसरीताई, तुमचा अंगठा "आपोआप" सरकत होता असे तुम्ही लिहिले आहे. त्या आपोआपसाठी अनेक हुशार माणसे पगार घेऊन राबत होती आणि त्यांतला एक मी होतो. तुमच्या मावशींची गोष्ट वाचून मला फार वाईट वाटले, म्हणून हे लिहिले.

मानसी_समुपदेशक (५ नोव्हेंबर)

कळफलक, हे तुम्ही लिहिलेत ते फार बरे केलेत. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगातल्या कबुतरांना चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळाला तर ती भूक भागल्यावर थांबत. दाणा कधी मिळेल, कधी नाही, असे केले की ती टोचतच राहत. नवे काही आले का हे पाहायला फोनचा पडदा खाली ओढून सोडतो तेव्हा आपण तेच करत असतो.

हिमपाखरू (५ नोव्हेंबर)

मी चौदा वर्षे जर्मनीत आहे आणि या चर्चेत एक बाजू राहून जाते आहे असे वाटते. माझे बाबा मिरजेत गेले. त्यांच्या शेवटच्या चार महिन्यांत आम्ही रोज दुपारी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉल लावून ठेवत असू. बोलायला फारसे काही नसे. मी इथे पोळ्या लाटत असे आणि ते तिथे उशीला टेकून माझ्याकडे पाहत असत. मध्येच म्हणत, "कडा जाड राहतेय." ते चार महिने मला त्या फोनने दिले आहेत. कोणी सरसकट "पडदा म्हणजे खोटे नाते" असे म्हणाले की मला ते लागते. कोणाशी आणि कशासाठी, हे पाहिल्याशिवाय पडद्याला दोष देऊ नये.

शांतहात (६ नोव्हेंबर)

हिमपाखरूताईंना जोडून लिहितो. मला जन्मापासून ऐकू येत नाही. माझ्या लहानपणी नातेवाईक जमले की सगळ्यांच्या गप्पा चालत आणि मी एकेकाच्या ओठांकडे पाहत बसे. कोणी तरी शेवटी दोन शब्दांत सारांश सांगे. तुम्ही ज्याला समोरासमोरची गप्पांची बैठक म्हणता ती माझ्यासाठी सर्वांत एकाकी जागा होती. व्हिडिओ कॉल आला तेव्हा पहिल्यांदा मी नागपूरच्या आणि नाशिकच्या मित्रांशी आमच्या हातांच्या भाषेत तासन्‌तास बोलू शकलो. म्हणून भोंगा लावणार असाल तर त्या दीड तासात माझ्यासारख्याने कुठे बसायचे, याचाही विचार करा. आणि तो ऐकू न येणाऱ्यांसाठी दिव्याची उघडझापही ठेवा.

रविवार_सकाळ (६ नोव्हेंबर)

हे सगळे टीव्हीच्या वेळीही बोलले गेले होते. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर रामायण लागे तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि जुनी माणसे म्हणत की आता येणेजाणे संपले. पण एक फरक मला आठवतो. आमच्या वाड्यात एकच संच होता आणि तो पाहायला तीसएक माणसे जमत. पुढे लहान मुले, मागे बायका, दारात पुरुष. मालिका संपली तरी अर्धा तास कोणी उठत नसे. पडदा एक आणि माणसे तीस, असे ते होते. आता माणसामागे एक पडदा आहे आणि प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळेच काही चाललेले आहे. दोघे शेजारी बसून हसले तरी वेगवेगळ्या गोष्टींना हसतात. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला त्यानंतर हे फार झपाट्याने झाले असे माझे निरीक्षण आहे.

बोरीबाभळी (६ नोव्हेंबर)

वाड्याच्या आठवणी वाचून मला राहवले नाही. आमच्या गावात गप्पांना बसायला पार होता, पण माझ्या आजोबांना त्यावर बसता येत नव्हते. ते खाली, वहाणा काढायच्या जागेच्याही पलीकडे उभे राहत. माझ्या आईला पारावर बसता आले नाही कारण ती बाई होती. गावातले ते येणेजाणे कोणाकोणाचे होते, हे आधी पाहिले पाहिजे. मला माझ्यासारखा विचार करणाऱ्या मैत्रिणी फोनमुळे मिळाल्या. मी काय वाचावे, कुठल्या परीक्षेचा अर्ज भरावा, शिष्यवृत्तीची मुदत कधी संपते, हे मला पाराने सांगितले नाही.

फोनने माझी झोप खाल्ली हेही खरे आहे आणि मी ते नाकारत नाही. रात्री एक वाजता मी अनोळखी लोकांशी जातीवरून वाद घालत असते आणि सकाळी सातच्या बसला डोळे उघडत नाहीत. त्यामुळे काही तरी बदलावे असे मलाही वाटते. फक्त ते बदलताना पुन्हा जुन्या पाराकडे जाऊ नका. नवा पार बांधणार असाल तर मी येते.

ओसरी (६ नोव्हेंबर)

बोरीबाभळी, तुमचे म्हणणे मनावर घेतले आहे. शांतहात, दिव्याची सूचना लिहून ठेवली आहे.

वसतिगृह_खोली१२ (७ नोव्हेंबर)

मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इथे सगळे आमच्याबद्दल बोलत आहेत, म्हणून आमच्याकडचे सांगतो. आमच्या खोलीत चौघे राहतो. रात्री जेवून आलो की चौघेही आपापल्या पलंगावर, कानांत इअरफोन, तोंडावर पडद्याचा उजेड. एकमेकांना रील पाठवतो आणि समोरच्या पलंगावरून हसण्याचा आवाज आला की कळते, त्याने पाहिले. गेल्या सत्रात आमच्यातल्या एकाने आठवडाभर जेवणघरात येणे सोडले होते. तो रोज स्टोरी टाकत होता, म्हणून आम्हाला तो बरा आहे असे वाटत होते. त्याच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि त्याने जेवणघराचे पैसे भरले नव्हते. हे आम्हाला त्याच्यापासून सहा फुटांवर झोपून कळले नाही. जेवणघराच्या काकूंना कळले, कारण त्या ताटे मोजतात.

त्यानंतर आम्ही एक नियम केला की रात्रीचे जेवण चौघांनी एकत्र घ्यायचे आणि फोन खोलीवर ठेवून जायचे. पहिले चार दिवस बोलायला काहीच सुचत नव्हते आणि ती शांतता फार अवघड गेली. आता वीस मिनिटांचे जेवण तासभर चालते. मोठ्यांना एक विनंती आहे. घरी गेलो की आम्हाला "फोन ठेव" असे सांगितले जाते, पण फोन ठेवल्यावर "कसा आहेस" असे विचारणारे कोणी फोन ठेवलेले नसते.

शाळामास्तर (७ नोव्हेंबर)

"कारण त्या ताटे मोजतात." हे वाक्य मी उद्या शिक्षक-कक्षात वाचून दाखवणार आहे.

वृंदावन_६८ (७ नोव्हेंबर)

मी डोंबिवलीला एकटी राहते. यजमानांना जाऊन सहा वर्षे झाली. मुलगा पुण्याला, मुलगी बडोद्याला, दोघेही चांगले आहेत. तुम्हा सगळ्यांचे वाचले आणि माझे सांगावेसे वाटले. संध्याकाळी दिवा लावला की रात्री झोप लागेपर्यंत साधारण पाच तास असतात. त्या पाच तासांत माझ्या घराची घंटा वाजत नाही. मी फोनवर स्वयंपाकाचे, कीर्तनाचे, कुणाच्या नातवंडांचे, जे येईल ते पाहते. कोणी तरी बोलत असते, एवढेच मला पुरते. मला "मोबाईल बंद करा" असे सांगायला सून फोन करते, आणि तेही मोबाईलवरच. तिचे चुकत नाही, माझे डोळे दुखतात हे तिला माहीत आहे. पण फोन बंद केल्यावर मी काय करू, हे तिलाही सांगता येत नाही.

मंगळवारी दुपारी आमचे भजनी मंडळ असते. त्या दिवशी रात्री मी फोन फारसा हातात घेत नाही. मुद्दाम घेत नाही असे नव्हे, लक्षातच राहत नाही. दुपारच्या गोष्टी मनात घोळत असतात.

मानसी_समुपदेशक (८ नोव्हेंबर)

वृंदावनकाकू, तुमची मंगळवारची रात्र हेच या धाग्यातले सर्वांत महत्त्वाचे उत्तर आहे असे मला वाटते. हार्वर्डमध्ये १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. त्यात ७२४ पुरुषांची आयुष्ये तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत वर्षानुवर्षे पाहिली गेली, आणि पन्नाशीत ज्यांची नाती समाधानाची होती ती माणसे ऐंशीव्या वर्षी प्रकृतीने अधिक धडधाकट निघाली. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या केंद्रात दारू सोडायला आलेला माणूसही एकटा बरा होत नाही. तो इतरांसोबत बसून, आपले सांगून आणि दुसऱ्याचे ऐकून बरा होतो. फोनच्या बाबतीतही आपण आधी काढून घेण्याचा विचार करतो आणि त्या जागी काय ठेवायचे हे मागाहून पाहू म्हणतो. माझ्या अनुभवात हा क्रम उलटा असावा लागतो.

आणि ज्यांना रात्री फारच एकटे वाटते, मन खचल्यासारखे वाटते, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. ती मोफत आहे. संकोच करू नये.

फोंड्याचा_माड (८ नोव्हेंबर)

आमच्या गोव्यात जुन्या घरांना पुढच्या दारात बाल्कांव असते, दोन्ही बाजूंना बसायचे दगडी ओटे आणि समोर रस्ता. संध्याकाळी घरातली म्हातारी माणसे तिथे बसत आणि येणाराजाणारा दोन शब्द बोलल्याशिवाय पुढे जात नसे. आमच्या घराचे बाल्कांव आहे, पण आता तिथे स्कूटर लावतो.

मात्र मला लिहायचे आहे ते वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहाबद्दल. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी तिथे अखंड भजन सुरू होते आणि चोवीस तास ते खंडू द्यायचे नसते. मी एका पथकात झांज वाजवतो. एका वर्षी आमची पाळी पहाटे तीनची होती. पाऊस कोसळत होता, अंथरुणातून उठवत नव्हते. पण आमच्या आधीचे पथक गात उभे होते, आम्ही पोचल्याशिवाय त्यांना खाली बसता येणार नव्हते. मी भिजत गेलो. त्या पूर्ण रात्रीत फोन खिशात होता की घरी, हे मला आठवत नाही. मला वाटते की माणसे नुसती भेटावीत म्हणून भेटत नाहीत. आपण गेलो नाही तर कुणाचे तरी अडेल, एवढे तरी त्यात असावे लागते. समाजमाध्यमावर मी नसलो तर कुणाचेच काही अडत नाही.

कळफलक (८ नोव्हेंबर)

फोंड्याचा_माड, हे अगदी खरे आहे. आमच्याकडे कितीही चाचण्या केल्या तरी "तू आला नाहीस तर माझे अडेल" ही भावना आम्हाला तयार करता आली नव्हती. आम्ही "तू आला नाहीस तर तुझे काही तरी चुकेल" एवढीच भीती तयार करू शकलो.

आडवाट (९ नोव्हेंबर)

माझे मत थोडे वेगळे आहे. भजन, भोंगा, बाल्कांव हे सगळे छान आहे, पण घराघरांनी सोसायचे आणि कंपन्यांनी कमवायचे, हे किती दिवस? ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते नको असा कायदा केला आणि जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे मुलगा बिघडला की आईला बोल लावतात. न संपणारे पान मुलांच्या खात्यापुरते तरी बंद करा, एवढी मागणी आपण का करू नये? वडगावाने स्वतःपुरते केले, त्याला माझा नमस्कार आहे. पण प्रत्येक गावाने आपापला भोंगा विकत घ्यावा, हे धोरण होऊ शकत नाही.

बोरीबाभळी (९ नोव्हेंबर)

आडवाट, कायद्याच्या मागणीला माझी सही धरा. मुलींचे फोन आधी काढून घेतले जाणार नाहीत, एवढे मात्र त्या मागणीत लिहा. बंदी आली की ती सर्वांत आधी कुणावर येते, हे आम्ही पाहिलेले आहे.

ओसरी (३० नोव्हेंबर)

तीन आठवडे गप्प होते, कारण करून पाहत होते. आता सविस्तर लिहिते.

आमच्या सोसायटीत बेचाळीस घरे आहेत. रोजचा भोंगा कोणी मान्य करणार नाही हे दिसत होते, म्हणून आठवड्यातून एक दिवस, गुरुवारी रात्री आठ ते नऊ, खाली वाहनतळाच्या मोकळ्या कोपऱ्यात सतरंजी टाकायची असे ठरवले. पहिल्या गुरुवारी अकरा घरांतली माणसे आली. सगळ्यांनी फोन एका टोपलीत ठेवले आणि मग आम्ही एकमेकांकडे पाहत बसलो. वसतिगृहातल्या मुलाने लिहिलेली ती अवघड शांतता मी अनुभवली. कोणी तरी विचारले, "मग, काय म्हणता?" त्यावर कोणीच काही म्हणाले नाही. दहा मिनिटांत टोपलीतला एक फोन वाजला आणि तो घ्यायला गेलेले गृहस्थ परत आले नाहीत. दुसऱ्या गुरुवारी चार घरे आली. मी रडवेली होऊन वर आले.

त्या रात्री मी वृंदावनकाकूंना इथूनच निरोप पाठवला. त्यांनी उत्तर दिले ते त्यांच्या परवानगीने देते: "अगं, नुसते बोलायला बसा म्हटले की कोणाला बोलता येत नाही. हातात काम द्या. आमच्याकडे वाल सोलायला बसलो की सासूसुनांची भांडणेसुद्धा मिटत."

म्हणून तिसऱ्या गुरुवारी मी तीन किलो कडवे वाल भिजवून, मोड आणून, कोमट पाण्याच्या दोन पातेल्यांत घालून खाली नेले. ज्यांनी डाळिंब्या सोलल्या आहेत त्यांना माहीत आहे की दोन्ही हातांची बोटे भिजलेली असतात, साल चिमटीत धरून हलकेच दाबले की दाणा सुटतो, जोरात दाबले की दुभंगतो. ओल्या बोटांनी पडद्याला हात लावता येत नाही, त्यामुळे टोपलीची गरजच पडली नाही. वरच्या मजल्यावरची दोन मुले गंमत म्हणून आली आणि कोणाचा दाणा अखंड निघतो याची त्यांची शर्यत लागली. आमच्याकडे रात्रपाळीला असणारे रखवालदार काका परभणीचे आहेत, तेही बसले. बोरीबाभळी, तुमचे वाक्य माझ्या डोक्यात होते, म्हणून त्यांना खुर्ची दिली नाही आणि पायरीही दिली नाही, आम्ही सगळे एकाच सतरंजीवर होतो. त्यांच्या मुलीला पोलीस भरतीची तयारी करायची आहे, हे पाच वर्षांत आम्हाला पहिल्यांदा कळले. दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे दीर त्याच खात्यात आहेत. साडेदहा वाजले तेव्हा वाल संपले होते आणि माणसे बसलेली होती. वाल बारा घरांत वाटून घेतले.

घरातले मात्र अजून जमलेले नाही. माझा थोरला मुलगा दोनदा खाली आला, धाकटा एकदाही नाही. आणि माझा अंगठा रात्री अकरानंतर अजूनही सरकतो. गेल्या आठवड्यात दोन रात्री मी फोन स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर ठेवून झोपले, तिसऱ्या रात्री उठून घेऊन आले. हे लपवून काय करू?

शुक्रवारी मी एकटीच सोलापूरला गेले. मावशीने भाकरी टाकायला घेतली होती. मी तिच्याजवळ पाटावर बसले आणि म्हटले, "टेम्पो आला, मग पुढे?" तिने तव्यावरची भाकरी उलटली, माझ्याकडे पाहिले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. रिक्षा मिळेना इथपासून. त्या टेम्पोत मागे मेथीच्या जुड्या होत्या आणि काकांचे डोके मावशीने त्या जुड्यांवर टेकवले होते. दवाखान्यात पोचेपर्यंत ते सारखे म्हणत होते, "भाजी चुरगळेल, त्याचे नुकसान होईल." त्या मुलाने नंतर मेथीचे पैसे घेतले नाहीत. सगळे सांगून व्हायला दोन तास लागले. दोन भाकऱ्या करपल्या.

शाळामास्तर (३० नोव्हेंबर)

ओसरीताई, आमच्या गावात पुन्हा सुरू करतो. आमच्याकडे वालाऐवजी शेंगा फोडायला घेऊ, पोती भरून आहेत. या वेळी बापांना आधी बोलावतो.

वृंदावन_६८ (१ डिसेंबर)

ओसरी, कडवे वाल थंडीत मोड यायला वेळ घेतात. मंगळवारी रात्रीच भिजव आणि बुधवारी फडक्यात घट्ट बांधून पिठाच्या डब्याशेजारी उबेला ठेव. पुढच्या गुरुवारी मी माझ्या मुलाकडे पुण्याला येणार आहे. आठ वाजता तुमच्याकडे पोचते, तोवर सोलायला सुरुवात करू नका.